क्रायसोटाइल: खडकातल्या तंतूपासून घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यापर्यंत

गोठ्यावरचा सिमेंटचा पत्रा, जुन्या गिरणीतल्या बॉयलरच्या पाइपांवर थापलेला पांढरा लेप, भट्टीच्या दाराला लावलेली जाड पांढरी दोरी, शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्राखाली ठेवायची ती मधे पांढरा गोल असलेली तारेची जाळी. या सगळ्यांत वर्षानुवर्षे एकच खनिज वापरले गेले: क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस. सर्पेंटाइन गटातले हे एकमेव तंतुमय खनिज जगभरच्या ॲस्बेस्टॉस व्यापाराचा जवळजवळ संपूर्ण भार वाहत आले आहे.

त्याबद्दल आपल्याकडे दोन टोकाची बोलणी ऐकू येतात. एक, ‘आमचा जन्म याच पत्र्याखाली गेला, काही होत नाही.’ दुसरे, ‘पत्रा पाहिला तरी कॅन्सर होतो.’ दोन्ही चूक आहेत, आणि दोन्हींमुळे माणसे चुकीच्या वेळी चुकीचे काम करतात. या खनिजाची रासायनिक रचना नीट समजली तर पत्र्याला हात लावायचा की नाही, लावायचा तर कसा, हे पाठ करावे लागत नाही, आपोआप कळते. म्हणून सुरुवात रसायनापासून करू. घाई असेल त्यांनी थेट पाचव्या पायरीवर जावे, पण वरचे वाचून गेलात तर तिथले प्रत्येक ‘करू नका’ का आहे ते पटेल.

पायरी १: हे खनिज कशाचे बनले आहे?

क्रायसोटाइल हे मॅग्नेशियमचे पाणीदार सिलिकेट आहे. त्याच्या सूत्रात मॅग्नेशियमचे ३ अणू, सिलिकॉनचे २, ऑक्सिजनचे ५ आणि हायड्रॉक्सिलचे ४ गट येतात. शुद्ध खनिजाचे वजन ऑक्साइडांच्या हिशेबात मांडले तर मॅग्नेशियम ऑक्साइड सुमारे ४३.६ टक्के, सिलिका सुमारे ४३.४ टक्के आणि पाणी १३ टक्के भरते. हे पाणी ओलाव्याचे नाही. ते हायड्रॉक्सिलच्या रूपात स्फटिकात बांधलेले असते, त्यामुळे उन्हात वाळवून किंवा साध्या आचेवर तापवून ते जात नाही. खाणीतून येणाऱ्या नमुन्यात थोडे लोह, ॲल्युमिनियम, निकेल, कधी मॅंगनीजही असते.

जमिनीत ते तयार होते पाणी आणि ऑलिविन (मॅग्नेशियम-लोहाचे सिलिकेट खनिज) यांच्या संयोगातून. मॅग्नेशियमने समृद्ध असा अतिअल्पसिलिक खडक भेगांमधून आलेल्या गरम पाण्याशी अभिक्रिया करतो, ऑलिविनचे सर्पेंटाइन होते आणि ऑलिविनमधले लोह बरेचदा मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या रूपात बाहेर पडते. म्हणून सर्पेंटिनाइटच्या, म्हणजे सर्पेंटाइनने बनलेल्या खडकाच्या, तुकड्याला लोहचुंबक थोडासा चिकटतो. कॅनडातील क्वेबेकच्या थेटफर्ड माइन्स परिसरातले साठे असेच बनले. आपल्या आंध्र प्रदेशातल्या पुलिवेंदुलाचा मार्ग वेगळा होता: तिथे डोलोमाइटी चुनखडकात तप्त शिलारस घुसला, त्याच्या उष्णतेने आणि सिलिकायुक्त पाण्याने डोलोमाइटमधल्या मॅग्नेशियमचे क्रायसोटाइल झाले. मूळ खडकातच लोह कमी, म्हणून हे तंतूही लोहाच्या बाबतीत स्वच्छ.

पायरी २: तो तंतू का होतो?

सगळ्या गुणदोषांचे मूळ इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

सर्पेंटाइनचा प्रत्येक थर दोन पापुद्र्यांचा असतो. एक सिलिकाच्या चौफलकांचा, दुसरा मॅग्नेशियम आणि हायड्रॉक्सिलच्या अष्टफलकांचा. दोन्ही मिळून जाडी सुमारे ०.७३ नॅनोमीटर. अडचण अशी की मॅग्नेशियमचा पापुद्रा सिलिकाच्या पापुद्र्यापेक्षा मापाने किंचित मोठा आहे, अवघा काही टक्क्यांनी. दोघे ऑक्सिजनच्या अणूंनी एकमेकांना घट्ट जोडलेले असल्याने मोठ्याला सुटून जाता येत नाही. मग थर वाकतो, मोठा पापुद्रा बाहेर, छोटा आत, आणि सुरळीच्या वडीसारखा गुंडाळत जातो. तयार होते ती मधे पोकळी असलेली नळी. तिचा बाहेरचा व्यास साधारण २० ते ५० नॅनोमीटर, आतली पोकळी ५ ते ८ नॅनोमीटर. या एका नळीला तंतुक म्हणू. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दोन-तीन हजार तंतुक शेजारी शेजारी मावतील.

असे असमान पापुद्रे वाकले पाहिजेत, हे लायनस पॉलिंग यांनी १९३० मध्येच, केवळ अणूंच्या मापांवरून मांडले होते. पोकळ नळ्या प्रत्यक्ष दिसल्या त्या १९५० मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. मला हा खनिजशास्त्रातला फार देखणा भाग वाटतो: वीस वर्षे आधी कागदावर काढलेला निष्कर्ष, आणि मग तोच डोळ्यांसमोर.

याच गटातली आणखी दोन खनिजे हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवतात. लिझार्डाइट सपाट राहते, त्यात ॲल्युमिनियम थोडे शिरून मापांतला फरक कमी करते. अँटिगोराइट लाटेसारखे वळण घेते, काही अंतराने दिशा उलटवते. सूत्र जवळपास तेच, पण ती दोन्ही तंतू देत नाहीत.

आता या सुरळीतून काय काय निघते ते पाहा.

बंध नळीच्या लांबीच्या दिशेने अखंड असतात, म्हणून ताणशक्ती प्रचंड, चांगल्या पोलादी तारेच्या तोडीची. पण शेजारच्या नळ्यांमध्ये बंध दुबळे, म्हणून गठ्ठा लांबीने उभा चिरत जातो. धागा, दोरी, कापड विणता येते. कठीणता मात्र मोह्स मापावर (१ ते १०) जेमतेम २.५ ते ३, घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट.

बाहेरच्या बाजूला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखा पृष्ठभाग असतो. तो अल्कलीत टिकतो, म्हणून सिमेंटच्या अल्कधर्मी राड्यात हा तंतू सुखाने राहतो. पाण्यात त्यावर धन भार येतो, सिमेंटचे कण त्याला चिकटतात. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी १९०० च्या सुमारास कागद कारखान्याच्या धर्तीवर सिमेंट आणि तंतूंचे पत्रे काढायला सुरुवात केली, ती याच गुणांच्या जोरावर. आम्लात मात्र उलटे होते. मॅग्नेशियम विरघळून जाते आणि मागे सिलिकाचा ठिसूळ सांगाडा उरतो.

उष्णतेचेही तसेच. जळत नाही, हे खरे. पण साधारण ६०० ते ७५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात हायड्रॉक्सिल पाण्याच्या रूपाने निघून जाते, रचना मोडते, आणि ८०० ते ८५० अंशांच्या आसपास त्याचे फोर्स्टेराइट हे वेगळेच खनिज होते. ब्रेक लायनरच्या झिजलेल्या भुकटीत म्हणूनच बहुतेक तंतू रूपांतरित झालेले आढळतात. नव्या लायनरला कानस मारताना किंवा भोक पाडताना मात्र ते तापमान येत नाही, तिथे उडते ते खरेखुरे क्रायसोटाइल.

पायरी ३: खडकात ओळखायचे कसे?

ही पायरी भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि डोंगर धुंडाळणाऱ्यांसाठी आहे. क्रायसोटाइल हिरवट-काळ्या सर्पेंटिनाइटमध्ये शिरांच्या रूपात दिसते. बहुतेक वेळा तंतू शिरेच्या भिंतींना काटकोनात उभे असतात, लांबी क्वचितच सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या पुढे. काही ठिकाणी खडक सरकलेल्या पृष्ठभागावर ते आडवे, समांतर झोपलेले असतात. रंग पांढरा, फिकट हिरवा, पिवळसर, झळाळी रेशमी.

सह्याद्रीत फिरताना बेसाल्टच्या पोकळीत पांढऱ्या सुयांचे झुपके दिसतात आणि कुणीतरी घाबरून ‘ॲस्बेस्टॉस’ म्हणते. ती झिओलाइटे असतात, स्कोलेसाइट, मेसोलाइट वगैरे. कापसाच्या बोंडासारखे मऊ गोळे दिसले तर ते ओकेनाइट, कॅल्शियमचे सिलिकेट. झिओलाइटची सुई वाकवली की कटकन तुटते. क्रायसोटाइल वाकते, आणि त्याचे केस आणखी बारीक केसांत सुटत जातात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये क्रायसोटाइलची अपेक्षा ठेवू नये. सर्पेंटिनाइट पाहायचाच तर क्रोमाइटसाठी ओळखले जाणारे भाग पाहावेत: कणकवलीजवळ जानवली-वागदे, भंडारा जिल्ह्यात पवनी.

नखाने तंतू सोडवून पाहण्याची जुनी सवय आता सोडा. नमुना पाण्याने भिजवा, झिपच्या पिशवीत घाला, पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला, वर नाव-ठिकाण लिहा. पुढचे काम प्रयोगशाळेचे.

पायरी ४: प्रयोगशाळेकडून काय मागायचे?

‘ॲस्बेस्टॉस आहे का’ एवढेच विचारू नका, ‘कोणता आणि अंदाजे किती’ हे विचारा. पहिली चाचणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची. सुमारे १.५५ वक्रीभवनांकाच्या तेलात क्रायसोटाइलचे नागमोडी, कुरळे गठ्ठे ओळखू येतात. अॅम्फिबोल या दुसऱ्या खनिजगटातले ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रोसिडोलाइट, अमोसाइट, हे सरळ, सळईसारखे असतात आणि त्यांचा वक्रीभवनांक जास्त असतो.

क्ष-किरण विवर्तनात ७.३ आणि ३.६५ अँगस्ट्रॉमच्या आसपासची शिखरे दिसली की सर्पेंटाइन आहे एवढे कळते; ते तंतुमय आहे की सपाट, हे त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. हा मुद्दा अहवाल वाचताना विसरला जातो. ऊर्जा विश्लेषण जोडलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनची शिखरे जवळपास बरोबरीने उठतात, लोहाचे नगण्य.

हवेचा नमुना घेत असाल तर एक मर्यादा जाणून घ्या. मोजणीत तंतू म्हणजे ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि जाडीच्या किमान तिप्पट लांबीचा कण. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रॉनच्या खालचे दिसतच नाही, आणि सुटा तंतुक तर त्याच्याही चार ते दहा पटींनी बारीक.

मधेच एक प्रश्न: पांढरा ॲस्बेस्टॉस ‘सुरक्षित’ आहे का?

विक्रेते हे हमखास सांगतात, आणि युक्तिवाद रसायनातूनच आणतात. क्रायसोटाइल आम्लाला बळी पडते, फुप्फुसातल्या भक्षक पेशींच्या आम्लधर्मी कप्प्यात त्याचे मॅग्नेशियम झिजते, ते तुटते आणि अॅम्फिबोलांपेक्षा लवकर बाहेर पडते. इतके खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रायसोटाइलसह सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निश्चित घडवणाऱ्यांत ठेवले आहे: फुप्फुस, स्वरयंत्र, अंडाशय, आणि फुप्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. शिवाय ॲस्बेस्टोसिस, म्हणजे फुप्फुस कडक होत जाणे, वेगळाच. रोज नव्याने श्वासात येत राहिले तर आधीचे लवकर गेल्याचा काय उपयोग? धूम्रपान करणाऱ्या कामगाराला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका तर अनेक पटींनी वाढतो.

६० हून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. ज्या क्वेबेकने जगाला क्रायसोटाइल पुरवले, तिथल्या ‘ॲस्बेस्टॉस’ नावाच्या गावाने २०२० मध्ये नाव बदलून वाल-दे-सूर्स केले. अमेरिकेने क्रायसोटाइलचे उरलेले वापर २०२४ मध्ये बंद करायचे ठरवले. भारतात खाणींना नवे पट्टे देणे थांबले, पण रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून आयात होते आणि पत्रे बनतात. धोकादायक रसायनांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या रॉटरडॅम करारात क्रायसोटाइलची नोंद करण्याचा प्रयत्न सर्वसंमतीअभावी पुन्हा पुन्हा अडला. माझ्या मते नवे बांधकाम करणाऱ्याने ते निवडण्याचे आज एकही कारण उरलेले नाही; सेल्युलोज किंवा कृत्रिम धाग्याचे सिमेंटचे पत्रे, रंगीत पोलादी पत्रे, कौले, सगळे मिळते.

पायरी ५: आहे त्या पत्र्याची पाहणी

पन्हळी सिमेंटच्या पत्र्यात क्रायसोटाइल साधारण ८ ते १५ टक्के असते, उरलेले सिमेंट, राख वगैरे. तंतू सिमेंटने घट्ट धरलेले असतात. म्हणून धड, न फुटलेल्या पत्र्याखाली राहणे हे गिरणीत ॲस्बेस्टॉस विंचरणाऱ्या कामगाराच्या स्थितीसारखे मुळीच नाही. पाइपावरचा भुसभुशीत लेप मात्र बोटाने दाबला तरी सुटतो. तो दिसला तर स्वतः काही करू नका, खोली बंद ठेवा.

पत्रा खालून आणि शिडीवरून पाहा. वर चढू नका. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने आधी कसलाही इशारा न देता फुटतो, आणि त्यातून खाली पडून होणारा मृत्यू कर्करोगासारखा तीस वर्षे थांबत नाही. चढणे भागच असेल तर पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारावर) टेकलेल्या रुंद फळ्या आणि कमरेचा पट्टा हवाच.

काय पाहायचे? हूक बोल्टच्या भोकांभोवतीच्या चिरा, तुटलेल्या कडा, शेवाळ. आणि सर्वांत महत्त्वाचे, पृष्ठभागावर उठलेली लव. पाऊस आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड सिमेंट हळूहळू खातात, तंतू टिकून राहतात आणि उघडे पडतात. पन्हाळीत साचलेला राखाडी गाळ तपासा; तंतू तिथेच जमतात. तो वाळू न देता ओला असतानाच काढून पिशवीत बंद करा, झाडूने उडवू नका.

पत्रा धड असेल तर त्याला राहू द्या. लव उठू लागली असेल पण चिरा नसतील तर बाहेरून ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्या. आधी धुताना कमी दाबाचे पाणी वापरा. प्रेशर वॉशर, तारेचा ब्रश, सँडपेपर, तिन्ही बाद. शेवाळासाठी ॲसिड तर अजिबात नाही: ते आधी सिमेंट विरघळवते, तंतू मोकळे करते, आणि तंतू पूर्ण नष्ट होतील इतका वेळ कुणी ॲसिड ठेवत नाही.

पायरी ६: काढायचाच असेल तर

आपल्याकडे हे काम मे महिन्यात, पावसाळ्याआधीच्या शाकारणीत निघते. हवा कोरडी, वारा सुटलेला, फॅब्रिकेटरला घाई. म्हणून काम सकाळी, वारा पडलेला असताना घ्या. घरातली मुले, म्हातारी माणसे, जनावरे त्या दिवशी दूर पाठवा; पाण्याच्या टाक्या, विहीर, धान्य झाका.

पत्रा काढण्याआधी आणि काढताना सतत भिजवा. पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे थोडे थेंब टाका, पाणी भेगांत नीट शिरते. या तंतूचा पृष्ठभाग हायड्रॉक्सिलचा असल्याने पाण्याशी त्याची जवळीक आहे. ओला तंतू उडत नाही. याच्याइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही.

गंजलेला नट सुटत नाही म्हणून हातोडा घालू नका. हूकची दांडी कटरने कापा, पत्र्याला पाते लागू न देता. पत्रा अखंड खाली उतरवा, फेकू नका. ग्राइंडर आणि कोरडे ड्रिल या कामात कधीच नाही: पाते गठ्ठ्याला लांबीने चिरत जाते आणि एकातून हजारो बारीक तंतू हवेत जातात, जे कित्येक तास खाली बसत नाहीत.

तोंडाला रुमाल किंवा सर्जिकल मास्क निरुपयोगी. एन-९५ ही पुरेसा मानला जात नाही. एफएफपी-३ किंवा पी-१०० फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घ्या; दाढी असेल तर तो बसत नाही. फेकून देता येणारा अंगरखा घाला. काम संपल्यावर कपडे घरी नेऊ नका. नवऱ्याचे कामाचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. जमीन ओल्या फडक्याने पुसा आणि फडकेही कचऱ्यातच टाका. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तंतू मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो.

पायरी ७: काढलेल्या पत्र्याचे काय करायचे?

तुकडे जोत्याच्या भरावात, रस्त्याच्या खड्ड्यात, बांधावर टाकण्याची रीत सर्रास आहे. चाकाखाली ते दळले जातात आणि दरवर्षी नवी धूळ देतात. झारखंडमध्ये चाईबासाजवळच्या रोरो टेकड्यांवर १९८३ मध्ये बंद पडलेल्या खाणीचा कचरा अजूनही उतारावरून शेतांकडे वाहतो. उघड्यावर टाकलेला तंतू कुजत नाही. जाळूनही काही साधत नाही. वर पाहिले तसे ६०० अंशांखाली रचना तशीच राहते, आणि आगीत पत्रा आतल्या वाफेने फटाफट फुटतो.

ओले पत्रे १५० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळा, सांधे टेपने बंद करा, वर ‘ॲस्बेस्टॉस, फोडू नका’ असे मराठीत ठळक लिहा. मोठ्या शेडचा माल असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात चौकशी करा. धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे आहेत. घरच्या चार-दहा पत्र्यांसाठी नगरपालिकेकडे लेखी विचारणा करा, आणि उत्तर येईपर्यंत गुंडाळलेले पत्रे सावलीत, कुणाचा पाय पडणार नाही असे ठेवा. भारतीय मानक आयएस ११७६८ हे ॲस्बेस्टॉस कचऱ्याच्या विल्हेवाटीबद्दलच आहे. ठेकेदाराशी करार करताना त्याचा उल्लेख घाला.

ज्यांनी आयुष्यभर हे काम केले त्यांच्यासाठी

पत्र्याचे कारखाने, गिरण्यांची बॉयलर घरे, जहाज तोडणी, ब्रेक लायनरची गॅरेजे इथे काम केलेल्यांना आजार दिसतो तो २० ते ५० वर्षांनी. चालताना वाढता दम, टिकून राहिलेला कोरडा खोकला, छातीत एका बाजूला दुखणे असेल तर डॉक्टरांना आधी जुने काम सांगा. हे न सांगितल्यामुळे उपचार क्षयाच्या दिशेने जाऊ शकतो. छातीचा एक्स-रे, श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन मागा. बिडी-सिगारेट आजच सोडा.

ॲस्बेस्टोसिस हा कायद्याने व्यावसायिक आजार आहे आणि त्याची भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा मूलभूत हक्क मानला आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपायला सांगितले. जुने ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्य निर्वाह निधीचे उतारे एका फाइलमध्ये लावा आणि आपली नोंद कारखान्याकडे लेखी, पोच घेऊन मागा.